सासूचं माहेर, सुनेचं माहेर: एका घरातला विल्सन आजार

वहीतली जून महिन्याची पानं आणि डिसेंबरची पानं एकाच मुलाची आहेत, हे बघून पटत नव्हतं. जूनमधलं अक्षर गोल, मोठं, ओळीवर बसलेलं. दिवाळीनंतरचं बारीक होत गेलेलं, ओळ सोडून खाली घसरणारं. शेवटच्या दोन पानांवर तर नुसत्या रेघोट्या. वही घेऊन आले होते ते त्याचे मराठीचे गुरुजी. सोबत वडील, आणि वडिलांच्या दंडाला धरून उभा तो. वय १५, एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं वर्ष.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात जनरल प्रॅक्टिस करतो. जांबोटी, कणकुंबी बाजूच्या वाड्यावस्त्यांतली माणसं बाजाराच्या दिवशी आमच्याकडे येतात. हे घरही त्यातलंच, तीन पिढ्या ओळखीचं. त्यांची ओळख पटू नये म्हणून वयं आणि काही बारकावे बदलले आहेत. नात्यांची रचना मात्र होती तशीच ठेवली आहे, कारण सगळं प्रकरण नात्यांतच आहे.

"डॉक्टर, पोरगं बोलूलंय काय तेच कळेना झालंय," वडील म्हणाले.

सुरुवात आठ महिन्यांपूर्वीची. आधी चहाचा कप हातात हिंदकळायला लागला. मग तोंडातून लाळ. मग राग. एकदा जेवता जेवता ताट भिरकावलं, आणि हा मुलगा तोवर घरात सगळ्यात गरीब म्हणून ओळखला जायचा. शाळेत वाटलं मोबाइलचा नाद. गावात वाटलं बाहेरचं. दोन अमावास्या उतारे झाले, सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन आले. मग शहरातल्या एका ठिकाणी डोकं शांत होण्याच्या गोळ्या मिळाल्या आणि त्यानंतर मुलगा लाकडासारखा ताठला. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. या आजारात स्वभावही बदलतो, बऱ्याच जणांत हात बिघडण्याच्याही आधी, आणि त्या गोळ्यांनी अशी मुलं ताठतात हेही जुनं ज्ञान आहे. मात्र दोन्ही गोष्टी एकत्र आठवायला समोर आलेल्या मुलाबद्दल आधी शंका यावी लागते.

मला शंका आली ती माझ्या हुशारीने नाही. मी त्याला दोन्ही हात छातीसमोर आणून कोपरं बाहेर काढायला सांगितली. हात असे फडफडायला लागले की कोंबडी पंख झाडते तसे. तोंड अर्धवट उघडं, ओठ ताणलेले, जणू हसतोय. डोळे मात्र घाबरलेले. आणि मला त्याचा मोठा भाऊ आठवला.

मोठा भाऊ आठ वर्षांपूर्वी गेला होता. तेव्हा तो ११ वर्षांचा. काविळीने गेला असंच सगळे म्हणतात, मीही तसंच म्हणत होतो. माझ्याकडे येण्याआधी त्याची कावीळ चुन्याच्या पाण्यात हात धुऊन दोनदा उतरवली होती. मी सलाइन लावलं, चौथ्या दिवशी बेळगावला पाठवलं, सहाव्या दिवशी तो गेला. मी घरनिहाय फायली ठेवतो, दोऱ्याने बांधून. त्या रात्री ती फाईल सोडली.

हिमोग्लोबिन ६.१. कावीळ मोजणारं बिलिरुबिन २८. यकृत आणि हाडांतून येणारं एन्झाइम, अल्कलाइन फॉस्फटेज, २२. वाढत्या वयाच्या मुलात हा शेवटचा आकडा शेकड्यांत असतो. कावीळ इतकी भयंकर, रक्त असं भराभर फुटतंय आणि हा आकडा मात्र तळाला, ही जोडी दिसली की शरीरात तांबं साठल्याचा विचार करावा असं पुस्तकात लिहिलेलं आहे. कडेला माझ्याच अक्षरात नोंद होती: लघवी आमसुलाच्या कढीसारखी. मी ते लिहिलं होतं, वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टॉर्च लावून मुलाच्या डोळ्यांत पाहिलं. काही दिसलं नाही. आपल्या काळ्या-तपकिरी डोळ्यांत बुबुळाच्या कडेची ती हिरवट-सोनेरी कड साध्या उजेडात सहज लपते. बेळगावात नेत्रतज्ज्ञांच्या स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, ती पूर्ण गोल दिसली, दोन्ही डोळ्यांत. कायसर यांनी १९०२ साली आणि फ्लायशर यांनी १९०३ साली वर्णन केलेली हीच ती कड. मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णांत ती जवळजवळ नेहमी सापडते. आजार फक्त यकृतात असेल तर निम्म्याच जणांत.

बाकीच्या तपासण्यांनी मग वेळ घेतला नाही. रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन, सेरुलोप्लाझ्मिन, ५ मिलिग्रॅम, जे किमान २० तरी असायला हवं. चोवीस तासांच्या लघवीत तांबं ३४० मायक्रोग्रॅम, जिथे १०० च्या वर गेलं की निदान पक्कं व्हायला लागतं. एमआरआयमध्ये मेंदूच्या मध्यभागी पांडाच्या तोंडासारखी आकृती. रेडिओलॉजिस्टने ती मुलाच्या वडिलांना मोठ्या कौतुकाने दाखवली. वडिलांनी पांडा कधी पाहिला नव्हता. "अस्वल काय?" त्यांनी मला बाहेर आल्यावर विचारलं.

निदान: विल्सन आजार. सॅम्युअल अलेक्झांडर किनिअर विल्सन यांनी १९१२ साली तो मेंदूचा आणि यकृताचा एकत्र, घराण्यात चालणारा आजार म्हणून मांडला.

आता थोडं तांब्याबद्दल. आपण रोजच्या जेवणातून एक-दोन मिलिग्रॅम तांबं खातो. गरजेपुरतं वापरून उरलेलं यकृत पित्तातून आतड्यात टाकून देतं. हे टाकायचं काम करणारं प्रथिन म्हणजे यकृताच्या पेशीतला हमाल. त्या हमालाची कृती लिहिलेलं जनुक तेराव्या गुणसूत्रावर असतं, नाव एटीपी७बी. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम उरकते, आणि असा माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो; त्याला वाहक म्हणायचं. दोन्ही प्रती बिघडल्या की हमाल नाहीच. तांबं यकृतात साठतं, यकृत भरलं की रक्तात सांडतं, आणि मग मेंदूच्या तळाशी, डोळ्याच्या कडेला, मूत्रपिंडात जाऊन बसतं. मेंदूच्या तळाशी हालचाल गुळगुळीत ठेवणारी केंद्रं आहेत. अक्षर तिथून बिघडतं.

घरी हे सांगितल्यावर पहिला झटका आज्जींना बसला. त्यांच्या सासूच्या काळापासून पाणी तांब्याच्या हंड्यात. देवघरात ताम्हण, पळी, पंचपात्र. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर हंडा, कळशी, तांब्या सगळं परसात उपडं. "माझ्याच पाण्यानं मारलं की ओ मी नातवाला," म्हणून त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सांगितलं, त्याच हंड्याचं पाणी तुम्ही पासष्ट वर्षं प्यायलात, तुम्हाला काय झालं? हंड्यामुळे हा आजार होत नाही. ज्या मुलाला तो आहे त्याने त्या हंड्यातलं पिऊ नये, काजू, शेंगदाणे, चॉकलेट, अळंबी, कलेजी सुरुवातीला तरी टाळावी, एवढंच. काजू टाळा म्हणणं या पट्ट्यात सोपं नाही. चंदगडपासून इकडे उन्हाळ्यात घराघरात काजू असतात. आणि शेंगदाण्याच्या चटणीशिवाय भाकरी कशी जाणार, हा प्रश्न मुलाच्या आईने अगदी गंभीरपणे विचारला. तिळाची चटणीही नको म्हटल्यावर त्या हसल्या. त्या घरात त्या महिन्यात मी ऐकलेलं ते पहिलं हसू.

हंडा आज्जींनी पुन्हा आत घेतलाच नाही.

निदान तर झालं होतं, मग जनुकतपासणी कशासाठी? बेळगावच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी ती सुचवली तेव्हा मी मनातून विरोधात होतो. पंधरा-वीस हजार रुपये, भात विकून आलेले. डोळ्यातली कड, सेरुलोप्लाझ्मिन, लघवीतलं तांबं, तिन्ही बोलत असताना चौथा साक्षीदार कशाला? या आजाराच्या उपचाराला जनुकाची वाट कधी पाहावी लागलेली नाही, हेही मला माहीत होतं. पेनिसिलामाइन हे तांबं बांधून लघवीतून बाहेर काढणारं औषध जॉन वॉल्श यांनी १९५६ साली दिलं. जनुक सापडलं १९९३ साली. मधे सदतीस वर्षं रुग्ण जनुकाचं नाव माहीत नसताना बरे होत होते. गंमत म्हणजे हंटिंग्टन या मेंदूच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचं जनुकही त्याच १९९३ साली सापडलं, आणि तो आजार थांबवणारं औषध अजूनही नाही. जनुक सापडलं की औषध सापडतं, असा जो एक समज पसरलेला आहे, त्याला या दोन आजारांची जोडी चांगलं उत्तर आहे. उलट बाजूही आहे. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या लहान मुलांचे स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात जनुक कळलं आणि त्यावर बेतलेली औषधं २०१६ च्या अखेरीपासून आली. त्यांतलं एक सोळा कोटींच्या वर्गणीच्या आवाहनांमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालं.

माझं मत फिरलं ते घरातल्या उरलेल्या दोघांमुळे. थोरली मुलगी वीस वर्षांची, बेळगावात बी.कॉम. करणारी. धाकटा नऊ वर्षांचा, दिवसभर टायर फिरवत हिंडणारा. दोघंही धडधाकट. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून घरातल्या प्रत्येक सख्ख्या भावंडाची तपासणी करायचीच असते. आज्जींचा हिशोब वेगळा होता: चारांतला एक, म्हणता म्हणता दोन झाले, आता बाकीचे सुटले. कवड्यांचा खेळ तसा चालत नाही. मागचा डाव पुढच्या कवडीला आठवत नसतो.

धाकट्याचं सेरुलोप्लाझ्मिन ९. यकृताला इजा झाली की वाढणारं एसजीपीटी ७८, थोडंसंच जास्त. लघवीत तांबं ८८. डोळे स्वच्छ. थोरलीचं सेरुलोप्लाझ्मिन १६, लघवीत तांबं ६२, यकृत उत्तम, डोळे स्वच्छ.

इथे गाडी अडली. थोरलीचे आकडे आजारी माणसाचे की वाहकाचे? वाहकांपैकी काहींचं सेरुलोप्लाझ्मिन जरा कमीच असतं. लघवीतलं तांबंही थोडं वर जाऊ शकतं. आजार अजून लक्षणांशिवाय आत बसला असेल तर तेही आकडे असेच दिसू शकतात. एका बाजूला चूक म्हणजे वीस वर्षांच्या निरोगी मुलीला जन्मभर गोळ्या. दुसऱ्या बाजूला चूक म्हणजे तिच्या भावाच्या वाट्याला आलं ते. यकृताचा तुकडा काढून त्यातलं तांबं मोजता येतं, पण धडधाकट मुलीच्या बरगडीत सुई कोण घालणार? थोरल्या भावाचा हात धरून मी एकदा चुकलो होतो. जनुकतपासणीचे पैसे मग मला जास्त वाटले नाहीत.

पद्धत अशी. आधी आजारी मुलाचं रक्त पाठवायचं आणि त्याच्या जनुकात नेमका कुठला बदल आहे ते शोधायचं. एकदा तो बदल कळला की बाकीच्यांच्या रक्तात फक्त तेवढी एकच जागा बघायची, ती तपासणी बरीच स्वस्त. एटीपी७बीमध्ये आजार आणणारे सातशेहून जास्त बदल जगभरात नोंदले आहेत. युरोपात एक ठरावीक बदल फार आढळतो, पूर्व आशियात दुसराच. आपल्याकडे मात्र असा एकच कुठला धरून चालत नाही. म्हणून आधी सगळं जनुक वाचायचं, मग घरच्यांकडे वळायचं.

संमतीपत्र इंग्रजीत होतं, एक प्रत कन्नडमध्ये. मुलाच्या आईला दोन्ही वाचता येत नाहीत. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. सीमाभागातल्या दवाखान्यात हा नेहमीचा प्रसंग, आणि सही घेऊन मोकळं होण्याची सवय आम्हा सगळ्यांना लागलेली आहे. मी एका कोऱ्या कागदावर हाताने मराठीत लिहिलं: ह्या तपासणीत काय कळेल, काय कळणार नाही, घरातल्या कुणाबद्दल नको असलेली माहिती बाहेर येऊ शकते काय. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे चूक कुणाची ते कळणार?" त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा टाळलं.

महिनाभराने रिपोर्ट आला. आजारी मुलाच्या दोन्ही प्रतींत तोच एक बदल, अक्षरशः तोच. दोन वेगवेगळ्या घराण्यांतून आलेल्या मुलांत बहुधा दोन वेगळे बदल सापडतात. दोन्हीकडे एकच असला की आई-वडिलांचं मूळ एक असावं असं वाटतं, आणि इथे तर ते उघडच होतं. खाली आणखी एका जनुकातला एक बदल लिहिला होता, पुढे शेरा: अर्थ अनिश्चित. घरातल्या एका शिकलेल्या पाहुण्याने ते नाव मोबाइलवर शोधलं आणि रात्री दहाला मला फोन करून मुलाला अजून एक रोग आहे असं सांगितलं. अशा शेऱ्याचा अर्थ एवढाच की हा बदल निरुपद्रवी आहे की नाही हे ठरवायला जगाकडे अजून पुरेसा पुरावा नाही. त्यावर कुणी उपचार करत नाही, करूही नये.

मग थोरली, धाकटा आणि आई-वडील यांची एका जागेची तपासणी. आई वाहक, वडील वाहक. थोरली वाहक, म्हणजे निरोगी. गोळ्या नाहीत, पथ्य नाही. धाकट्याच्या मात्र दोन्ही प्रती बिघडलेल्या. टायर फिरवणारं ते पोर आजारी होतं आणि त्याला ते जाणवत नव्हतं. चार मुलांत तीन. चारात एकाच्या हिशोबाने असं घडण्याची शक्यता शंभरात पाचहूनही कमी. पण ज्यांच्या घरी घडलं त्यांना हा आकडा सांगून काय उपयोग?

त्याच संध्याकाळी ती गोष्ट निघाली. कुणीतरी म्हणालं, "हिच्या माहेरचंच रक्त खराब." बोललं कोण ते मी सांगत नाही, पण आज्जींनी मान डोलावली. मुलाची आई चुलीपाशी होती, तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी भिंतीवरच्या जुन्या कालनिर्णयचं पान फाडून घेतलं आणि मागे आकृती काढली. वर दोन खुणा, पणजोबा-पणजी. त्यांची दोन मुलं: एक मुलगा, एक मुलगी. मुलगी म्हणजे ह्या आज्जी. मुलगा म्हणजे आज्जींचा भाऊ, आणि त्याची लेक म्हणजे ही सून. आज्जींनी आपल्या मुलाला भावाची मुलगी करून आणली होती. मामाची मुलगी, आपल्याकडची मानाची सोयरीक. मामा-भाची आपण करत नाही, शेजारच्या कन्नड घरांत तेही चालतं. रक्ताच्या जवळिकीचा हिशोब केला तर ते नातं आपल्या आते-मामे लग्नाच्या दुप्पट जवळचं आहे.

"आता सांगा," मी म्हटलं, "हिचं माहेर कुठलं?"

आज्जींनी आकृतीवर बोट फिरवलं. खालून वर, सुनेकडून तिच्या वडिलांकडे, तिथून पणजोबांकडे. मग दुसऱ्या बाजूने खाली, स्वतःकडे. सुनेचं माहेर म्हणजे त्यांचंच माहेर. बिघडलेली प्रत पणजोबा किंवा पणजीकडून दोन फांद्यांनी खाली उतरली आणि ह्या चुलीपाशी परत भेटली. एक फांदी आज्जींच्याच पोटातून आली होती.

"म्हणजे माझ्याकडनंच की," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "माझं पण रक्त काढा."

मी नको म्हटलं. त्या वाहक असणार हे आकृतीच सांगत होती, आणि त्यांच्या प्रकृतीत त्याने काही फरक पडणार नव्हता. पाच हजार रुपये वाचले. तसंही कुणी चूक केलेली नव्हती. पणजोबांना काय माहीत होतं?

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आनुवंशिक सल्ल्याची पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि त्यांत सगळी चुलत, मावस, आते, मामे भावंडं एकाच शब्दात गुंडाळलेली असतात. आपल्या भाषेत आतेभाऊ म्हटलं की बाप कुठल्या फांदीवर आणि आई कुठल्या, ते आधीच ठरलेलं. वंशावळ काढायला मला त्या घरात दहा मिनिटं लागली, कारण आज्जी बोलत होत्या ती वंशावळच होती.

उपचाराची गोष्ट सरळ नाही. मुलाला पेनिसिलामाइन सुरू केलं, अगदी थोड्या मात्रेने, रिकाम्या पोटी, सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व. तिसऱ्या आठवड्यात त्याचं बोलणं पूर्ण बंद झालं आणि मान एका बाजूला वळली. मेंदूचा आजार असलेल्या काहींमध्ये हे औषध सुरुवातीला प्रकृती बिघडवतं. साठलेलं तांबं एकदम हलतं आणि काही काळ मेंदूलाच त्रास देतं असं मानतात. मी हे आधी सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि आपल्या पोराची मान वळलेली बघणं वेगळं. त्यांनी गोळ्या बंद केल्या, दहा दिवसांनी मला कळलं. मात्रा आणखी कमी करून, झिंक जोडून, दोन्हींच्या वेळा लांब ठेवून पुन्हा सुरुवात केली. ट्रायेंटिन नावाचं दुसरं, तुलनेने सौम्य औषध आहे, पण त्याची किंमत ऐकून वडील म्हणाले, "शेत विकू काय?" तेवढ्यावर तो विषय संपला. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने एक रात्र जागून बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेतही दाखवून आणलं. या आजाराचे सर्वाधिक रुग्ण पाहिलेल्या आपल्याकडच्या ठिकाणांपैकी ते एक; तीन दशकांत पाहिलेल्या २८२ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला आहे. तिथेही दिशा हीच राहिली.

चौथ्या महिन्यात लाळ थांबली. आठव्या महिन्यात बोलणं परत आलं, आधी घरच्यांना कळेल असं, मग गुरुजींना. त्या वर्षीची परीक्षा गेली. पुढच्या वर्षी लेखनिक घेऊन तो पास झाला. उजवा हात अजून ताठ आहे, सायकल चालवतो, बटणं आई लावते. डोळ्यांतली कड फिकट होत चालली आहे. दर तीन महिन्यांनी रक्त, लघवीतलं प्रथिन आणि तांबं बघतो. गोळ्या जन्मभर.

मला सगळ्यात जास्त विचारात टाकणारी गोष्ट त्याच्या रिपोर्टमध्ये नव्हती. दोन भाऊ, एकच घर, एकच हंडा. गेलेल्याचं रक्त आता तपासता येणार नाही, पण त्याच्याही दोन्ही प्रतींत हाच बदल असणार. त्याचं यकृत अकराव्या वर्षी सहा दिवसांत गेलं. ह्याचं यकृत शांत राहिलं आणि पंधराव्या वर्षी मेंदू बोलू लागला. नेमका बदल माहीत असूनही कुणात काय, कधी होईल हे या आजारात फारसं सांगता येत नाही. म्हणून धाकट्याच्या बाबतीत वाट बघण्यात अर्थ नव्हता.

धाकट्याला फक्त झिंक. झिंकमुळे आतड्याच्या पेशींत तांबं अडकून बसतं आणि त्या पेशी गळून पडतात तेव्हा विष्ठेवाटे निघून जातं. दिवसातून तीनदा, जेवणापासून लांब. वाचायला सोपं. इथल्या औषध दुकानात सुरुवातीला जुलाबासाठीच्या झिंकच्या गोळ्या दिल्या, आणि बाटलीवर लिहिलेलं वजन क्षाराचं की निव्वळ झिंकचं यावरून महिनाभर गोंधळ झाला. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये खरं झिंक ५० मिलिग्रॅमच असतं. डॉक्टरने चिठ्ठीवर कुठलं वजन लिहिलंय ते स्पष्ट हवं. सकाळच्या गोळीने त्याला मळमळायचं, म्हणून पहिली गोळी साडेदहाला, शाळेच्या मधल्या सुट्टीआधी, एका बिस्किटाबरोबर. ती गुरुजींच्या ड्रॉवरमध्ये असते. तेच गुरुजी. एसजीपीटी आता ३० च्या आत आहे.

राहिली थोरली. तिचं लग्न ठरल्यातच जमा होतं: आत्याच्या मुलाशी. आत्या चंदगड तालुक्यात दिलेली, म्हणजे राज्य दुसरं, पण एसटीने दीड-दोन तास. थोरली त्या मुलाच्या मामाची मुलगी. घराण्याची रीत पुढे चालली होती.

मी आकडे मांडले. आत्या आज्जींचीच मुलगी, तेव्हा ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. तिचा मुलगा वाहक असण्याची पाव. थोरली वाहक आहेच. म्हणजे त्यांच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता सोळात एक. नात्याबाहेर केलं तर सर्वसाधारण माणसांत नव्वदात एक वाहक धरतात, म्हणजे तीनशे साठात एक. मुलगा वाहक नाही असं निघालं तर मात्र काळजीचं काहीच कारण नाही, खुशाल लग्न करा. तो वाहक निघाला तरी हा आजार औषधाने रोखता येतो, मुलांची लहानपणीच तपासणी करता येते. निर्णय त्यांचा.

आत्याला हे फोनवर कळलं, अर्धवट. त्या चिडल्या. "आमच्या पोराला रोग लावूलाय काय तुम्ही?" असं मला तोंडावर विचारायला त्या खानापूरला आल्या. रोग लागत नाही हे पुन्हा सांगितलं, कालनिर्णयचं पान पुन्हा काढलं. त्या ऐकून घेऊन न बोलता निघून गेल्या.

मुलगा एकटा आला पंधरा दिवसांनी, मोटारसायकलवर. कुणाला सांगू नका म्हणाला. कुठल्या जागेची तपासणी हवी ती चिठ्ठी मी लिहून दिली. रक्त त्याने कोल्हापुरात दिलं. रिपोर्ट त्याचा, त्याच्याच हाती गेला. मला त्याने तो दाखवला नाही आणि मी विचारला नाही. पुढच्या महिन्यात सोयरीक मोडली. कारण पत्रिका जुळत नाही असं सांगितलं गेलं. पत्रिका आधी जुळली होती, हे दोन्ही घरांना माहीत होतं.

थोरली वर्षभराने निपाणीकडे नात्याबाहेर दिली. बोलणी चालू असताना ती एकटी माझ्याकडे आली. त्या लोकांना वाहक असल्याचं सांगावं की नाही, हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, मुलाला तू स्वतः सांग, बाकीच्यांना सांगायची गरज नाही. ती म्हणाली, त्याला सांगून झालंय. तो हसला आणि आपल्या चष्म्याचा नंबर सांगितला.

उठताना तिने पिशवीतून रिपोर्ट काढला. प्लास्टिकमध्ये घालून आणला होता, कोपरे घडी न पडलेले.

"डॉक्टर, हा कागद रुखवतात मांडू काय?"

मी म्हटलं, लाडवांच्या बुरुजाशेजारी जागा असेल तर मांड.